इतर

समोरच्या धारपांनी न्हाणीघर फोडून नवं केलं
आणि त्यांचा गुलाबी टब
चार दिवस गेटबाहेर पडून राहिला,
घ्यायला कुणी न आलेल्या पाहुण्यासारखा.
मी म्हटलं, द्या.

घणसोली, रो हाऊसची मागची बाजू:
आठ बाय दहा, कपडे वाळत घालायची जागा.
आधी लाल मुरूम लागला,
मग विटांचे तुकडे, एक डावी चप्पल,
सेक्टर वसवताना टाकलेला सगळा भराव.
अडीच फुटांवर कुदळीचा आवाज बदलला.
काळा चिखल, आणि त्यात तिसऱ्यांची कवचं,
उघडी, पण जोडी न तुटलेली.
वास असा की शेजारची मांजर
कुंपणावरून मान लांब करून बघत बसली.

टब बसवला. भोकाला रबरी बूच,
बुचावर एम-सील, एम-सीलवर माझा अंगठा,
दहा मिनिटं, उगाचच.
वर मोरब्याचं पाणी,
दोन दिवस पिंपात उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं.
कडेला वेखंड. मधे फुटक्या कुंडीत
खडी दाबून पोयण्याचा कंद.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याचं पालकाचं सूप झालं.
पोयण्याचं एकच पान वर आलं, बशीएवढं,
आणि नुसतं बसून राहिलं
पहिल्या दिवशीच्या कारकुनासारखं.
बाई, तुला तळं कळत नाही, मी स्वतःला म्हणायचे.
कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बीकर धुतलेस,
एकातही पाणी कधी राहू दिलं नाहीस.

मग पालिकेची मलेरियावाली आली.
टॉर्च, पळी, वही. रोशनी मढवी.
पळीभर पाणी उन्हात धरून म्हणाली,
"वळवळतंय बघा."
मला वाटलं, आता नोटीस.
ती वहीतले रकाने वाचू लागली:
टाकी, पिंप, कुंडी, टायर, फ्रिजचा ट्रे, इतर.
"हे काय लिहू?"
"तळं."
ती हसली नाही. म्हणजे लगेच नाही.

"आमचे बापाचे दारान तलं व्हतं.
जितारं व्हती त्यान. एवरी."
हात पसरले, एकात टॉर्च, एकात पळी.
ते अंतर टबाच्या रुंदीत मावेना.
कुठे होतं, विचारलं.
तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं,
मग धारपांच्या गच्चीवरल्या सोलरकडे
नुसती हनुवटी केली.
आणि परत ऑफिसच्या मराठीत:
"उद्या गप्पी मासे आणून देते. फुकट असतात."
'इतर'समोर लिहिलं: तळे, एक.

पिशवीत बारा आले, नऊ जगले.
दिवाळीपर्यंत मी मोजायचं सोडलं.
एक वंचक रोज सकाळी
भिंतीवर अर्धा तास ध्यान लावतो
आणि एखादा तरी नेतो; तेवढं चालायचंच.
पोयणा एकदाच फुलला,
मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते तेव्हा.
आले तर मिटलेला. पाहिला तो मांजरीनं.

रोशनी अजून येते, पंधरा दिवसांनी.
आता सोड्याच्या बाटलीत माझ्याकडचेच गप्पी भरून नेते
कुठल्याशा सोसायटीच्या बंद कारंज्यासाठी.
बाटली स्कूटीच्या हँडलला लटकवते,
झाकणाला खिळ्यानं भोक पाडून.
तळ्याचं ती पुन्हा बोलली नाही.
मीही काढलं नाही.

अमावास्येला खाडीला उधाण येतं
तेव्हा टबाभोवतीची फरशी ओली होते,
टब गळत नसतानाही.
खाली तिसऱ्यांचं पाणी, वर मोरब्याचं,
मधे एक बूच, बारा रुपयांचं.
रात्री भांडी झाली की मी बाही वर करते,
खांद्यापर्यंत हात घालून चाचपते.
गप्पी बोटांना टोचत राहतात.
बूच आहे.
तरी थोडा वेळ हात काढत नाही.